दौलतच्या जागी नाझरसाहेब

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पाटीला हात लावला नव्हता. हे सांगताना मला लाज वाटत नाही, उलट जरा छाती पुढे येते. मार्गासनीच्या वर डोंगराच्या कडेला आमची वाडी, मोजकी घरं. खाचरं होती, पण उतारावर. पाऊस जास्त झाला की बांधासकट खाली जायची. वडील हिरडा काढायला झाडावर चढले आणि फांदीसकट खाली आले. कमरेचं हाड नीट बसलं नाही. तेव्हापासून काठी धरून ओट्यापर्यंत येणं हाच त्यांचा प्रवास. खाचरं आई आणि थोरली बहीण बघायच्या. नाचणी संपली की आई रानातले कंद उकडायची आणि वर म्हणायची, "आज गोड हाय, खावा."

घरात भांडवल म्हणावं अशा फक्त शेळ्या. करडू विकलं की मीठमिरची यायची, करडू विकलं की माझी फी जायची. त्या शेळ्यांवर राजगडाखालच्या रानातला बिबळ्या टपलेला असे. त्याच्या आणि शेळ्यांच्या मध्ये उभी राहायची ती आमची कुत्री, दौलत. नाव वडिलांनी ठेवलेलं. तिच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असायचा, कारण बिबळ्या कुत्र्याला धरतो तो गळ्याला. पट्टा होता म्हणून दौलत होती, दौलत होती म्हणून शेळ्या होत्या, आणि शेळ्या होत्या म्हणून मी भोरच्या इंग्रजी शाळेत होतो. शाळेत मी उशिरा गेलेला. मॅट्रिकच्या वर्गात मिशा असलेला मी एकटाच.

भोरला मी ज्यांच्या घरी राहायचो ते संस्थानच्या कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. समन्स बजावणारे बेलीफ, कोर्टाच्या दारात पुकारा करणारे पट्टेवाले, हे सगळे नाझराच्या हाताखाली. गाव त्यांना नाझरसाहेब म्हणे. नोकरी सुटली तरी त्यांच्यातलं कोर्ट काही उठलं नव्हतं. आमटीत मीठ जास्त झालं तर म्हणायचे, "आमटीचं काम तहकूब. पुढची तारीख संध्याकाळ." आंघोळीला कुणी उशीर केला तर न्हाणीघराच्या दारात उभे राहून त्याच्या नावाचा पुकारा करायचे. आवाज असा की नदीपलीकडे धुणं धुणाऱ्या बायका मान वर करत. कोर्टात असताना पट्टेवाल्याचा आवाज बसला की हे स्वतः बाहेर येऊन पुकारा करत. वरच्या साहेबांनी एकदा समज दिली की हे काम तुमच्या हुद्द्याला शोभत नाही. ह्यांनी उत्तर दिलं म्हणे, "हुद्द्याला शोभत नाही, पण आवाजाला शोभतं."

घरात तीन कुत्री. रावसाहेब, बाईसाहेब आणि धाकटे. कुत्र्यांना ते अहो-जाहो करत आणि माणसांना, मग तो मामलेदार का असेना, अरे-तुरे. मी एकदा कारण विचारलं.

"अरे, उभी हयात माणसांच्या हातात समन्स दिलं," ते म्हणाले. "एकानं सरळ हात पुढे केला नाही. कुणी मागच्या दारानं पळाला, कुणी बायकोला पुढं केलं. कुत्रं बघ. जे देशील ते समोर येऊन घेतं. मग मान कुणाला द्यायचा?"

मला खोली दिली ती याच न्यायानं. पहिल्या दिवशी दारात उभा राहिलो, तर त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तिन्ही कुत्री आली, पायाशी हुंगून गेली, आणि रावसाहेब माझ्या वळकटीवर बसले. "मंजूर," नाझरसाहेब म्हणाले. भाडं म्हणून सकाळी तिघांना नीरेच्या काठी फिरवून आणायचं. बाकी काही नाही.

घरात त्यांची विधवा थोरली बहीण होती. तिला सगळे ताई म्हणत. ताईंचं सोवळं कडक. सकाळी त्या ओलेत्यानं स्वयंपाकघरात शिरल्या की दुपारपर्यंत त्यांच्या वाऱ्याला कुणी उभं राहायचं नाही. भावाचं हे कुत्र्यांचं वेड त्या कपाळाला हात लावून सहन करायच्या. कुत्री मात्र त्यांना बरोबर ओळखून होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली की नाकं जमिनीला टेकून थांबत. "तुझ्यापेक्षा यांना जास्त कळतं," असं ताई भावाला ऐकवत, आणि भाऊ खूश होऊन मान हलवत.

नाझरसाहेबांचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला देवाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा दाखवून त्यातला घास कुत्र्याला घालायचा, हे आपल्याकडे पुष्कळ घरांत चालतं. पण ह्यांच्याकडे घासावर भागत नसे. ह्यांच्याकडे भोरातल्या सगळ्या कुत्र्यांना आमंत्रण. अंगणात एक लांबरुंद सागवानी काठवट मांडायची, तिच्यात रोडगा कुस्करून भरीत कालवायचं, आणि आळीतली, बाजारातली, घाटावरची कुत्री त्या एका काठवटीभोवती. "देवाच्या दारी एकच ताट," असं नाझरसाहेबांचं मत. कुत्र्यांची भांडणं व्हायची ती हे स्वतः मध्ये उभे राहून मिटवायचे.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी नेमकी चंपाषष्ठीलाच आई माझं पीठ-तांदूळ घेऊन डोंगर उतरून आली. सोबतीला दौलत, तिची दोन पिल्लं घरी ठेवून. त्या दिवशी शेळ्या बहीण गोठ्यातच ठेवणार होती. आई अंगणाच्या कडेला थांबली आणि दौलतला पदराशी धरून उभी राहिली.

"बाई, त्यांना पंगतीला सोडा," नाझरसाहेब म्हणाले. दौलतमुळे त्यांच्या तोंडात आईलाही अहो-जाहो आलं होतं.

"नगं सायेब. रानातलं कुत्रं. भांडंल."

"पाहुण्या आहेत त्या. पाहुण्यांनी उपाशी जायचं नाही."

त्या पंगतीला आणखी एक पाहुणा होता. जेजुरीकडून आलेल्या एका बैलगाडीमागं चालत आलेला तांबडा कुत्रा. बिचारा मान लांब करून खाकरत होता. प्रवासाची धूळ घशात गेली असेल असं म्हणून नाझरसाहेबांनी त्याला काठवटीशी सर्वांत आधी बसवलं. पाहुण्याचा पहिला मान. मग दौलत. मग बाकीचं भोर.

आठवडा झाला असेल नसेल, रावसाहेब खोकू लागले. खोकला कसला, घशात काहीतरी अडकल्यासारखी ती घरघर. मान खाली, पाय फाकवलेले, शेवटी उबळ येऊन थोडा पांढरा फेस. पाठोपाठ बाईसाहेब. मग आळीभर तेच. सकाळी आळीतून चाललं की दोन्ही बाजूंनी म्हातारे खाकरताहेत असं वाटायचं.

समोरची परटीण मावशी आली ती निदान घेऊनच. "हाड अडकलंय. आमच्या काळ्याच्या घशात आमी बोटं घालून बघितलं. वाळल्या भाकरीचा गोळा गिळवा, हाड खाली जातंय."

"सापडलं हाड?" नाझरसाहेबांनी विचारलं.

"न्हाई. पर चावला लई जोरात."

"मावशी, वांग्याच्या भरताला हाड असतं का गं?"

मावशी आल्या पावली परत गेली. पण नाझरसाहेबांची नजर अंगणाकडे वळली. मला वाटतं, त्या घडीला त्यांच्या डोक्यात पहिल्यांदा काठवट आली असावी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओट्यावर कोर्ट भरवलं. ज्यांच्या ज्यांच्या घरी कुत्रं होतं त्यांना पुकारा करून बोलावलं. लोक आले. एकतर करमणूक होती, दुसरं म्हणजे प्रत्येकाचं कुत्रं खोकत होतं. प्रत्येकाचा संशय शेजाऱ्याच्या कुत्र्यावर. मावशी म्हणाली शिंप्याच्या कुत्र्यानं आणलं, शिंपी म्हणाला घाटावरच्या. नाझरसाहेब एकेकाची उलटतपासणी घेत होते. कधीपासून खोकतो, काय खाल्लं, चंपाषष्ठीला कुठं होता. शेवटी एक मास्तर उठले. त्यांचं कुत्रं लंगडं, त्या दिवशी घरीच बांधलेलं होतं. ते खोकत नव्हतं.

हे ऐकून नाझरसाहेबांनी उलटतपासणी थांबवली. मग उभे राहिले आणि निकाल दिला. "खोकला काठवटीत होता. तो तांबडा पाहुणा खोकत आला, त्याची लाळ, त्याचा श्वास सगळ्यांनी एका ताटात खाल्ला. त्याला पहिला मी बसवला. गुन्हा शाबीत. आरोपी मी."

लोक हसले. हे हसले नाहीत. त्यांनी तरुणपणी भोरचा प्लेग पाहिला होता. गाव सोडून माणसं शेतात झोपड्या बांधून राहिली होती. दुपारपर्यंत परसात तीन कुडाच्या खोपी उभ्या राहिल्या, एकेका कुत्र्याला एकेक. गळ्यातले पट्टे काढले, कारण पट्टा दाबला की उबळ येते. कोमट पेज, प्रत्येकाची वेगळी करवंटी. एकाला हात लावला की हातपाय धुऊन मगच दुसऱ्याकडे. आळीतल्या लोकांना ते समजावत होते, "ताईचं सोवळं बघितलंय ना? सकाळी तिला शिवता का? तसंच. खोकणारं कुत्रं सोवळ्यात आहे असं समजा."

आतून ताईंचा आवाज आला. "मेल्या, मला कुत्र्यांच्या पंगतीत बसवलंस?"

"पंगतीत नाही, ताई. पंगतीतून उठवलं."

भोरातल्या लोकांना प्लेगच्या जंतूंपेक्षा ताईंच्या सोवळ्याची जास्त ओळख होती. त्यांना हे लगेच पटलं. आठ-पंधरा दिवसांत आळीतले खोकले कमी होऊ लागले.

पण तोवर आमच्या वाडीहून बाजाराला आलेल्या चुलत्यानं निरोप आणला होता. तो ओट्याखाली उभा राहून बोलला, नाझरसाहेब वर सुपारी कातरत बसलेले.

"दौलत खोकतीया. तिची दोन्ही पिल्लं बी. पट्टा घातला की जीव जातोय तिचा, अन् पट्ट्याबिगर भाईर ठिवली तर बिबळ्या तिलाच न्हेईल. वाडीत दोनदा येऊन गेलंय जनावर. तुजी आय आन भन पाळीपाळीनं जागत्यात. बा म्हनला, शाळा ऱ्हाऊ दे, शेळ्या गेल्या तर शाळा कशाच्या जिवावर करनार. ये म्हनला."

वडिलांचं चुकत नव्हतं. मी वळकटी बांधायला घेतली. मॅट्रिक जवळ आलेली. आमच्यासारख्या घरात शाळा एकदा सुटली की सुटली. पुढच्या वर्षी म्हणणारे आमच्या भागात पुष्कळ होते, एकही परत आला नव्हता.

नाझरसाहेब दारात आले. "कुठं निघालास?"

"घरी. दौलतच्या जागेवर."

"तुझं इंग्रजी कसं आहे?"

"बरं आहे."

"आणि भुंकणं?"

मी वळकटीची दोरी आवळली. मला हसायला येत नव्हतं.

"दौलतबाई माझ्या काठवटीमुळे आजारी रजेवर आहेत," ते म्हणाले. "रजेच्या जागी बदली माणूस नेमणं हे नाझराचं काम. मी माझी नेमणूक करतो. तू इथं राहा, परीक्षेचं बघ आणि ह्या तिघांना पेज घाल. वळकटी सोड. ती मला हवी आहे."

ताईंनी आकाशपाताळ एक केलं. हे बधले नाहीत. दुसऱ्या दिवशी काळा कोट, डोक्याला पगडी, हातात छत्री आणि पाठीवर माझी वळकटी अशा थाटात, चुलत्याच्या मागं मागं, संस्थानचे माजी नाझर डोंगर चढून आमच्या वाडीला गेले.

पुढचं मला आईनं सांगितलं. एका सुट्टीला मी घरी गेलो, तेव्हा ओट्यावर वडील आणि नाझरसाहेब शेजारी शेजारी बसलेले होते आणि नाझरसाहेबांच्या कोटातून पिल्लाचं तोंड बाहेर आलेलं होतं. आई मला चुलीपाशी घेऊन गेली.

"आलं तसं दौलतपुढं वाकलं," आई सांगू लागली. "म्हनलं, दौलतबाई, तुमी निजा, मी बदली आलोय. म्या म्हनलं, सायेब, घरात जागा करते. तर म्हनत्यात, दौलत घरात निजायची का? मग मी बी न्हाई. गोठ्याच्या माळ्यावर निजत्यात, शेळ्यांच्या वर."

"आणि जेवण?"

"त्येच तर. म्या शिधा काढून ठिवला, येगळी चूल मांडून दिली. बामनाचं मानूस, आपलं कसं खातील. तर म्हनलं, बाई, मी कुत्र्याच्या हुद्द्यावर आलोय, त्या हुद्द्याला सोवळं नसतंय. माजी नाचनीची भाकर खाल्ली. वर म्हनत्यात, दौलतबाईंचा पगार चांगला हाय."

आई पदर तोंडाला लावून हसली. घरात अडचणीचे दिवस असताना आईला अशी हसताना मी क्वचितच पाहिली होती.

दौलतला त्यांनी पडवीच्या एका टोकाला ठेवलं होतं, पिल्लांना दुसऱ्या टोकाला. तिघांच्या करवंट्या वेगळ्या. शेजारची कुत्री येऊ नयेत म्हणून पायवाटेवर दोरी बांधली होती. धाकट्या पिल्लानं दूध सोडलं होतं, श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत जायच्या. म्हणून ते कोटात. पेजेच्या वाफेशी धरायचं, बोटानं पेज चाटवायची, पुन्हा कोटात.

आणि दिवस मावळायला आला की पुकारा. तो मी स्वतः ऐकला. नाझरसाहेब पगडी घालून गोठ्याच्या दारात उभे राहिले. वाडीतली बायकापोरं आधीच बांधावर येऊन बसली होती, तमाशाला बसावीत तशी. शेकोटी पेटली. मग तो कोर्टातला आवाज सुटला, बापाचं नाव ठाऊक नसल्याच्या नोंदीसकट.

"बिबळ्या, वल्द नामालूम, राहणार राजगडाखालचं रान, हाजीर हो."

डोंगरावरून आवाज परत आला. पुन्हा पुकारा. तिसऱ्यांदा पुकारा. मग थोडं थांबून ते वडिलांकडे वळले आणि साध्या आवाजात म्हणाले, "प्रतिवादी गैरहाजर. काम एकतर्फी चालेल."

वडिलांनी ओट्यावरून गंभीरपणे मान डोलावली. ते हसत नव्हते. झाडावरून पडल्यापासून घरात त्यांना कुणी काही विचारावं असं काम उरलं नव्हतं. आता रोज दिवस मावळताना एक पगडीवाला माणूस त्यांना कामाचा निकाल कळवत होता.

बिबळ्या पुकाऱ्याला भ्याला की शेकोटीला, की वाडीतली सगळी माणसं रोज तिथं जमत म्हणून त्याला ती वाट अडचणीची वाटली, हे मी बी.ए. होऊनही सांगू शकत नाही. आई म्हणायची, "एक डाव बांधावर आलं हुतं जनावर. सायेबांनी तारीख दिली, तसं गेलं." आईचं मी ऐकून घेतो.

दौलतचा खोकला ओसरला. नाझरसाहेबांनी पट्टा उन्हात तापवला, आतल्या बाजूला जुन्या धोतराची पट्टी शिवली, आणि स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात घातला. ती खोकली नाही. त्या संध्याकाळी पुकारा झाला नाही. दौलत गोठ्याच्या दारात बसली आणि रानाकडे बघून एकदा भुंकली. "चार्ज दिला," असं म्हणून दुसऱ्या दिवशी ते डोंगर उतरले. कोटात धाकटं पिल्लू होतंच. त्याला दौलतकडे परत द्यायचं राहून गेलं असं ते म्हणत. त्याचं नाव त्यांनी अशील ठेवलं. ताई त्याला मेला म्हणत आणि दूधभात घालत.

पुढच्या चंपाषष्ठीला काठवट निघाली नाही. तिच्यावर ताईंनी शेवग्याच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. अंगणात पत्रावळींची पंगत मांडली. एकेका कुत्र्याला एकेक पत्रावळ, दोन पत्रावळींमध्ये माणूस आडवा निजेल एवढं अंतर. दारात नाझरसाहेब. आलेल्या प्रत्येक कुत्र्याचा गळा हलकेच दाबून बघत. जो खोकला त्याचं पान आळीच्या टोकाला, पण पान होतंच. कुत्र्यांना पंगत काय कळते. पहिला घास पडताच निम्मी दुसऱ्याच्या पानावर गेली. परटीण मावशी पोट धरून हसत होती. नाझरसाहेब मात्र छत्री घेऊन, परक्या कुत्र्यांना मालकांच्या नावानं हाका मारत रांगेतून फिरत होते, "रावसाहेब, आपल्या पानावर. अहो शिंपी, ते मावशींचं आहे." त्या वर्षी आळीत कुणी खोकलं नाही. पुढं भोरात बऱ्याच घरांनी कुत्र्याला एका ताटात घालणं सोडलं, आणि का सोडलं ते विचारलं तर सांगत, नाझरसाहेबांचं सोवळं आहे.

मी पुण्याला कॉलेजात गेलो. निकाल घेऊन भोरला आलो तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. नाझरसाहेब खूप थकले होते. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. मोठा झालेला अशील माझ्या पायाशी हुंगून गेला, तेव्हा ते म्हणाले, "ओळखीचा आहे. कोण?" मी निकाल सांगितला.  ते भिंतीला धरून उठले, चाचपडत पगडी घातली आणि ओट्याच्या कडेला आले. माझं नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं घेऊन त्यांनी आळीत पुकारा केला, आणि शेवटी म्हणाले, "बी.ए., हाजीर हो." आवाज पूर्वीचा नव्हता, पण सगळी दारं उघडली.

मी म्हणालो, "हजर आहे, साहेब."

नाझरसाहेब दौलतच्या जागेवर होते त्या हिवाळ्यात आमची एकही शेळी गेली नाही, आणि मी मॅट्रिक पास झालो. पुढं बी.ए. झालो. आमच्या वाडीतला पहिला मी.